आधी ओळख, मग निरोप : अंगणवाडीच्या पहिल्या दिवसांची तयारी

जालना जिल्ह्यातील असंख्य मुलांच्या आयुष्यात घराबाहेरची पहिली संस्था येते ती गावातल्या, शेतवस्तीवरल्या किंवा तांड्यावरल्या अंगणवाडीच्या रूपाने. तोवर आईची कूस, आजीची मांडी, घरापुढचे अंगण आणि शेतातला आखाडा एवढ्याच परिघात वाढलेले लेकरू तीन वर्षांचे होताच दिवसातले काही तास नव्या जागेत, नव्या माणसाच्या स्वाधीन होते. त्याच वेळी त्याची आईसुद्धा बहुधा प्रथमच त्याला नात्यागोत्याबाहेरच्या व्यक्तीच्या भरवशावर सोडत असते. म्हणून हा बदल एकट्या मुलाचा न मानता माय-लेकराच्या जोडीचा मानावा लागतो आणि तयारीही दोघांची करावी लागते.

या तयारीचा विचार पुष्कळ घरांत दप्तर, पाण्याची बाटली आणि नवे कपडे यांपाशी थांबतो, तर काही घरांत मुलाकडून मुळाक्षरे आणि आकडे घोकून घेतले जातात. तीन वर्षांच्या मुलाला नव्या जागी रुळण्यासाठी लागणारी शिदोरी मात्र वेगळी आहे. आपण जिथे जात आहोत ती जागा आणि तिथले माणूस ओळखीचे आहे ही एक खात्री, आणि सोडून गेलेली आई सांगितल्याप्रमाणे परत येते ही दुसरी खात्री. या दोन्ही पक्क्या असल्या की बाकीचे बहुतेक सारे मूल तिथे गेल्यावर शिकते. पहिली खात्री सवडीने करून दिलेल्या ओळखीतून येते आणि दुसरी मोठ्या माणसाने शब्द पाळल्यानेच येते. जालन्यासारख्या शेतीवर आणि हंगामी मजुरीवर चालणाऱ्या जिल्ह्यात या दोन गोष्टी कशा साधता येतील, याचे मार्गदर्शन पुढे क्रमाने केले आहे.

नावातच असलेली शिकवण

‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी वाटत असला तरी तो महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या एका प्रयोगातून आला आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना सहकारी म्हणून लाभल्या. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकाच वस्तीवर गेल्या, मुलांच्या ओळखीच्या अंगणात त्यांनी खेळ, गाणी आणि गोष्टी मांडल्या, आणि अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे सहा वर्षांखालील मुलांचे पोषण, आरोग्य आणि शालापूर्व शिक्षण एकाच ठिकाणी पाहणारी योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना हेच नाव देशभर मिळाले.

पालकांच्या दृष्टीने या इतिहासातील मोलाची गोष्ट म्हणजे त्यातला क्रम. आधी संस्था मुलाच्या ओळखीच्या जागी गेली आणि मग मूल संस्थेच्या जवळ आले. आज अंगणवाडी इमारतीत भरत असली तरी हा क्रम घरच्या घरी पाळता येतो. सेविकाताई गृहभेटीला येतात, तेव्हा बोलणे केवळ वजन-उंचीच्या नोंदीपुरते न ठेवता मुलाला जवळ बसवून घ्यावे, त्याची आवडती वस्तू ताईंना दाखवू द्यावी आणि त्याचे घरातले लाडाचे नाव ताईंना सांगून ठेवावे. स्वतःच्या अंगणात एकदा पाहिलेला चेहरा दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या दारात दिसला, तर मुलाच्या लेखी ती जागा पूर्ण परकी राहत नाही.

रडण्याचा अर्थ

आई दिसेनाशी झाली की मुलाला वाटणारी भीती आणि त्यातून येणारे रडणे यांना बालमानसशास्त्रात वियोगचिंता म्हणतात. ही अवस्था साधारणपणे आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते, पहिल्या-दुसऱ्या वर्षात तीव्र असते आणि पुढे हळूहळू ओसरते. नव्या जागी, आजारपणात किंवा घरात मोठा बदल घडल्यावर ती तीन-चार वर्षांच्या मुलातही उफाळून येते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या अनुबंधाच्या सिद्धांतानुसार लहान मूल एक-दोन विश्वासाच्या माणसांशी घट्ट बांधले जाते आणि त्या माणसांच्या आधारावरच आजूबाजूचे जग धुंडाळू लागते. त्या दृष्टीने पाहिले तर दाराशी रडणारे मूल हट्टी किंवा ‘आईवेडे’ नसते. आपले माणूस कोण हे त्याला नेमके कळलेले असते आणि नव्या माणसाशी तसे नाते जुळायला त्याला वेळ हवा असतो.

याउलट, अजिबात न रडणारे मूल लगेच रुळले असाही निष्कर्ष काढू नये. काही मुले गप्प राहून एका कोपऱ्यात बसतात, खिचडीचे ताट तसेच ठेवतात आणि घरी आल्यावर क्षुल्लक कारणाने आकांत करतात. दिवसभर आवरून धरलेले मन आईजवळ मोकळे होते, एवढाच त्याचा अर्थ असतो. अशा वेळी ‘आज काय शिकवलं’ ही उलटतपासणी बाजूला ठेवून मुलाला घटकाभर मांडीवर घेणे अधिक उपयोगी पडते.

मुलाची भीती कमी-जास्त होण्यात पालकाच्या चेहऱ्याचा वाटा किती असतो, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगातून दिसून आले. पारदर्शक काचेखाली खोलगट भाग दिसेल अशी रचना करून वर्षभराच्या बाळांना त्या काचेपाशी आणले, तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या आईचा चेहरा हसरा असताना बहुतेक बाळे काच ओलांडून गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती असताना एकही गेले नाही. नवी जागा सुरक्षित आहे की नाही हे मूल आधी आईच्या तोंडावर वाचते. दाराशी डोळ्याला पदर लावलेली आई तोंडाने ‘काही होत नाही’ म्हणाली, तरी मूल तिच्या शब्दांपेक्षा तिच्या डोळ्यांवरच विश्वास ठेवते.

सुरुवात कधी करावी

शाळा जूनच्या मध्याला उघडतात म्हणून अंगणवाडीचा प्रवेशही जूनमध्येच करण्याची रीत पडली आहे. जालन्याच्या शेतकरी आणि मजूर कुटुंबांसाठी तो काळ अत्यंत अडचणीचा असतो, कारण मृगाचा पाऊस झाला की सोयाबीनची पेरणी आणि सरकीची लावणी यांची घाई सुरू होते आणि आईला पहाटेपासून शेत गाठावे लागते. मुलाला आईच्या सहवासाची सर्वांत जास्त गरज असते त्याच पंधरवड्यात आईपाशी अजिबात सवड नसते. अंगणवाडीतील पूरक आहार वर्षातून ३०० दिवस देण्याचा निकष आहे, म्हणजेच हे केंद्र शाळेसारखे एकाच तिथीला सुरू होणारे नाही. त्यामुळे सेविकाताईंशी बोलून ओळखीचे दिवस मार्च-एप्रिलमध्ये, उन्हे चढण्याआधीच्या सकाळच्या वेळेत उरकून घ्यावेत. ते जमले नसेल, तर पेरणीचा जोर ओसरेपर्यंत थांबण्याने मुलाचे काहीही बिघडत नाही.

एका वेळी एकच मोठा बदल, हे सूत्रही लक्षात ठेवावे. धाकट्या भावंडाचा जन्म, अंगावरचे दूध तोडणे, आजी-आजोबांपैकी कोणाचे आजारपण, घर बदलणे किंवा आई-वडिलांचे कामासाठी बाहेरगावी जाणे यांपैकी काही घडत असेल, तर त्याच्या आगेमागे किमान तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवून अंगणवाडी सुरू करावी. घरात बाळ आले आणि लगेच थोरल्याची रवानगी अंगणवाडीत झाली, तर आपली जागा दुसऱ्याला देऊन आपल्याला घराबाहेर काढले, असाच अर्थ ते मूल लावते.

घरची तयारी : महिनाभर आधीपासून

पहिली तयारी बोलण्याची आहे, आणि तिची सुरुवात काही वाक्ये घरातून हद्दपार करण्याने होते. ‘थांब, तुला शाळेत टाकते’, ‘बाईंना सांगीन, त्या सरळ करतील’ ही वाक्ये मूल जेवत नसेल किंवा ऐकत नसेल तेव्हा सहज तोंडून निघतात. त्यांतून मुलाच्या मनात शाळा ही शिक्षेची जागा आणि बाई ही मारणारी व्यक्ती म्हणून ठसते, आणि मग ज्या माणसाकडे त्याला विश्वासाने सोपवायचे त्याच माणसाची भीती घरातूनच पेरली जाते. आजी-आजोबा, काका-मावशी आणि थोरली भावंडे यांनाही हे समजावून सांगावे लागते. त्याऐवजी तिथे काय घडते हे साध्या क्रमाने सांगावे : आधी चप्पल काढायची, मग गोलात बसून गाणे म्हणायचे, मग खेळायचे, हात धुऊन खिचडी खायची, आणि मग घरचे माणूस घ्यायला येते. हाच क्रम घरी भातुकलीसारखा खेळून दाखवला, एकदा मूल ‘ताई’ झाले आणि आजी ‘लेकरू’ झाली, तर नवी गोष्ट आधी खेळात अनुभवून झालेली असते.

दुसरी तयारी शरीराच्या गरजा सांगता येण्याची आहे. शी-शू लागल्याचे मुलाला परक्या माणसाला शब्दांत सांगता आले पाहिजे, म्हणून घरात जो शब्द रूढ असेल तो सेविकाताई आणि मदतनीस या दोघींना सांगून ठेवावा. नाडीच्या, हुकाच्या किंवा घट्ट बटणांच्या कपड्यांऐवजी स्वतःला वर-खाली करता येईल अशी इलॅस्टिकची चड्डी घालावी, कारण पहिल्या दिवसांत ओल्या झालेल्या कपड्यांचे कारण पुष्कळदा न सुटलेली नाडी हेच असते. उघड्यावर किंवा अंगणातल्या मोरीवर बसण्याची सवय असलेले मूल शौचालयाच्या अंधाऱ्या खोलीला घाबरते. आईने ओळखीच्या दिवसांत दार उघडे ठेवून, पाणी टाकून, ती जागा स्वतः दाखवावी. अपघात झालाच तर चारचौघांत चर्चा करू नये. पिशवीत एक जास्तीचा कपड्यांचा जोड ठेवावा.

तिसरी तयारी जेवणाची आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो आणि त्यातून दररोज ठरावीक कॅलरी व प्रथिने मिळावीत असा निकष आहे. अनेक मुलांना तोवर आईने किंवा आजीने भरवण्याची सवय असते, त्यामुळे ताट समोर आले तरी ती घास उचलत नाहीत आणि सेविकेला ती ‘न जेवणारी’ वाटतात. महिनाभर आधीपासून घरात स्वतंत्र ताटलीत खिचडी, वरण-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकर वाढून मुलाला आपल्या हाताने खाऊ द्यावे, सांडले तरी रागावू नये, आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी. झोपेची आणि उठण्याची वेळही याच महिन्यात थोडीथोडी अलीकडे आणावी, कारण अर्धवट झोपेतून उठवलेल्या मुलाला दाराशी सोडणे म्हणजे रडण्याला आमंत्रण असते.

चौथी गोष्ट सोबतीच्या वस्तूची. आईच्या जुन्या साडीचा तुकडा, गोधडीचे टोक किंवा एखादी चिंधीची बाहुली मुलाला विलक्षण प्रिय असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकात अशा वस्तूंकडे लक्ष वेधले आणि आई जवळ नसताना तिचा भास टिकवून ठेवणारा तो एक पूल असतो असे मांडले. आईच्या अंगाचा वास असलेला वीतभर कापडाचा तुकडा खिशात किंवा पिशवीत ठेवू देण्याने बिघडत काही नाही. मूल रुळले की तो आपोआप घरी विसरला जाऊ लागतो.

प्रवेशापूर्वी माता-बाल संरक्षण कार्ड काढून मुलाचे लसीकरण तपासून घ्यावे. गोवर-रुबेला लसीचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला वर्धक डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो; तो राहून गेला असेल, तर मुलांच्या गर्दीत जाण्याआधी आरोग्य उपकेंद्रात चौकशी करावी. पहिल्या काही महिन्यांत सर्दी-खोकला वारंवार होणे स्वाभाविक असते, पण ताप असताना मुलाला घरीच ठेवणे हे त्याच्या आणि इतर मुलांच्याही हिताचे आहे.

पहिला पंधरवडा

जर्मनीत १९८० च्या दशकात लहान मुलांना पाळणाघरात रुळवण्याची एक पद्धत विकसित झाली आणि ती बर्लिन पद्धती म्हणून ओळखली जाते. तिचे सार असे की पहिले तीन दिवस पालकाने मुलासोबत साधारण तासभर तिथेच बसायचे आणि मुलाला सोडून जाण्याचा प्रयत्नही करायचा नाही. चौथ्या दिवशी प्रथमच निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जायचे. त्या वेळी तिथल्या व्यक्तीकडून मूल शांत होते की नाही यावरून पुढची गती ठरवायची. ही पद्धत खर्चाची नाही, तिला लागते ती थोडी सवड, आणि म्हणूनच ती जालन्याच्या कोणत्याही गावात अवलंबता येते.

पहिल्या तीन दिवसांत आईने, वडिलांनी किंवा आजीने भिंतीशी बसावे, मुलाला पुढे ढकलू नये आणि आपणच त्याच्याशी खेळतही बसू नये; मूल मधूनमधून परत येऊन मांडीला हात लावून जाते, तेव्हा आधार म्हणून केवळ तिथे असावे. सेविकाताईंनी किंवा मदतनीसताईंनी या दिवसांत मुलाला उचलून घेण्याची घाई न करता त्याच्या खेळात हळूहळू वाटेकरी व्हावे. एका सेविकेकडे अनेक मुले असताना हे कठीण वाटते, पण नवी सर्व मुले एकाच दिवशी दाखल न करता दर आठवड्याला दोन-तीन मुले घेतली, तर ते शक्य होते, आणि गावातील मातांनी आपसांत ठरवले तर ताईंचेही काम हलके होते. पुष्कळ ठिकाणी मूल आधी जिला बिलगते ती मदतनीस असते, कारण ताट वाढणारे आणि हात धुऊन देणारे माणूस मुलाला लवकर आपले वाटते. तसे झाले तर सकाळी मुलाला तिच्याच हाती सोपवावे.

चौथ्या दिवशी निरोप घेऊन पंधरा-वीस मिनिटे इमारतीबाहेर जावे. मूल रडले आणि ताईंनी जवळ घेतल्यावर काही मिनिटांत शांत झाले, तर पुढच्या दिवशी वेळ वाढवावी, आठवडाभरात खिचडीपर्यंत आणि त्यानंतर पूर्ण वेळ. रडणे थांबतच नसेल, तर आईने परत येऊन आणखी काही दिवस सोबत बसावे; त्यात हार मानण्यासारखे काही नाही. पहिला निरोप सुट्टीनंतरच्या दिवशी घेऊ नये, कारण घरच्या माणसांत काढलेल्या दिवसानंतर मुलाला वियोग जास्त जाणवतो. दोन आठवडे आनंदाने गेलेले मूल तिसऱ्या आठवड्यात अचानक रडू लागते, तेव्हाही घाबरू नये. नवलाई संपून हे आता रोजचेच आहे अशी जाणीव झाल्याचे ते लक्षण असते. दिवाळीच्या सुट्टीनंतरही असेच घडते आणि त्या वेळी मधला एखादा टप्पा पुन्हा करावा लागतो.

निरोप

साऱ्या तयारीचा कस लागतो तो दाराशी, दोन मिनिटांत. मूल खेळण्यात रमलेले पाहून त्याचा डोळा चुकवून निघून जाणे हा गावोगावी रूढ असलेला उपाय आहे आणि तो प्रेमापोटीच केला जातो, कारण आईला मुलाचे रडणे पाहवत नाही. परंतु मान वर करून पाहताच आई नाही असे आढळले की मूल त्यातून एकच धडा घेते : आपण खेळात गुंतलो की आई नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी ते खेळायला तयार होत नाही, घरीही आईचा पदर सोडत नाही, आणि रात्री झोपेतून दचकून चाचपू लागते. एका सकाळचे रडणे वाचवण्यासाठी मोजलेली ही किंमत फार मोठी असते.

चांगला निरोप लहान, खरा आणि रोज सारखा असतो. आई उंबरठ्याशी खाली बसते, म्हणजे तिचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. चपला मुलालाच काढू देते आणि भिंतीशी जोडीने ठेवू देते. पाण्याची बाटलीही त्याच्याच हाताने जागेवर ठेवून घेते. मग ती सांगते, ‘मी सरकी लावायला चालले. तू गाणं म्हण, खेळ, खिचडी खा. खिचडी खाऊन हात धुतले की मी दारात.’ गालावरून हात फिरवते, मुलाचा हात ताईंच्या हातात देते आणि मागे वळून न घुटमळता निघते. या वाक्यात घड्याळाची वेळ नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला ‘बारा वाजता’ म्हणजे काय ते कळत नाही. खिचडीनंतर म्हणजे काय ते मात्र नेमके कळते. घ्यायला आजी येणार असेल तर ‘आजी येईल’ असेच सांगावे, आणि चॉकलेटाची लालूच दाखवून निघण्याची सवय लावू नये, कारण मग निरोपाचा सौदा होतो.

यानंतरची जबाबदारी शब्द पाळण्याची आहे. पहिला महिनाभर तरी घ्यायला येणारे माणूस सांगितलेल्या वेळेच्या आधी दारात उभे असले पाहिजे. शेत दूर असेल, पाऊस लागला असेल किंवा मजुरीची सुट्टी उशिरा होणार असेल, तर दुसरे कोण येईल हे सकाळीच ठरवून मुलाला आणि ताईंना सांगावे. बाकीची सर्व मुले गेल्यावर एकटे बसून राहिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी कितीही समजावले, तरी ते समजावणे त्याच्या अनुभवापुढे फिके पडते.

मोठ्यांची तयारी

मुलाला सोडून निघालेल्या आईला अपराधी वाटते, आणि ‘एवढंसं लेकरू कशाला धाडलं’ असे म्हणणारे शेजारी त्या भावनेत भर घालतात. दुसरीकडे ‘रडू द्या, सवय होते’ असे सांगणारेही असतात. आईने पहिल्या आठवड्यात सोडून आल्यावर थोड्या वेळाने मदतनीसताईंकडे किंवा वाटेवरच्या एखाद्या बाईकडे विचारणा करावी. मूल काही मिनिटांत शांत होऊन खेळू लागल्याचे कळले की तिच्या मनावरचे ओझे उतरते आणि दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा खरोखरच निवळलेला असतो. दाराशी आईचा जीव फारच गलबलत असेल, तर सोडण्याचे काम वडिलांनी किंवा आजोबांनी करावे. मुलाच्या जडणघडणीत वडिलांचा प्रत्यक्ष वाटा सुरू होण्याचीही ती चांगली वेळ असते.

लेखन-वाचनाच्या अपेक्षा या काळात आवरत्या घ्याव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ, गाणी, गोष्टी आणि हाताने करण्याच्या कृती यांतून शिकण्यावर भर दिला आहे. चिमुकल्या बोटांना मणी ओवणे, चिखलाचे बैल करणे, ज्वारीचे दाणे निवडणे यांतून जी ताकद येते तीच पुढे पेन्सिल धरते. म्हणून तालुक्याच्या गावी व्हॅनमधून दूरच्या नर्सरीत धाडण्यापूर्वी पालकांनी अंतर, पिण्याचे पाणी, शौचालय, रस्त्याकडचे फाटक, जवळपासची उघडी विहीर आणि मुख्य म्हणजे तिथल्या बाईंचा मुलांशी बोलतानाचा आवाज, एवढ्या गोष्टी स्वतः पाहून याव्यात.

घरची बोली

मंठा, परतूर, घनसावंगी या तालुक्यांतील तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते, जालना शहराच्या अनेक मोहल्ल्यांत दख्खनी उर्दू, तर कारखान्यांच्या परिसरात परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या घरी हिंदी चालते. आईला ‘याडी’ म्हणणारे मूल अंगणवाडीत ‘आई’ हा शब्द ऐकते, तेव्हा ते बुजते आणि काही आठवडे काहीच बोलत नाही. नवी भाषा कानांत साठवण्याचा हा काळ असतो. त्याला मतिमंदपणा समजू नये आणि घरात आपली बोली बंद करून मोडक्या मराठीत बोलण्याचा खटाटोपही करू नये, कारण पहिल्या भाषेची मुळे भक्कम असली की दुसरी भाषा तिच्या आधाराने चढते. पालकांनी पाणी, भूक, शू, दुखणे आणि आई यांसाठी घरात वापरले जाणारे पाच-सहा शब्द ताईंना शिकवावेत आणि तेच मराठी शब्द मुलाला खेळता खेळता ऐकवावेत.

कोयता निघतो तेव्हा

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोड कामगारांची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीसोबत कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. या घरांतील लहान मुलांपुढे दोनच वाटा असतात. मूल सोबत जाणार असेल, तर निघण्यापूर्वी सेविकाताईंना कारखान्याचे ठिकाण सांगून पोषण ट्रॅकर या शासकीय नोंदप्रणालीत स्थलांतराची नोंद करून घ्यावी, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि तळ पडताच जवळच्या अंगणवाडीत चौकशी करावी. नव्या अंगणवाडीतही पहिले दोन-तीन दिवस सोबत बसण्याची सवड एखाद्या नातलग बाईने काढावी.

मूल आजीजवळ मागे राहणार असेल, तर त्याची अंगणवाडी कोयता निघण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू झालेली असावी, म्हणजे आई-वडील गेल्यावर निदान ती एक जागा आणि ते एक माणूस त्याच्या ओळखीचे उरते. जाताना रात्री झोपेत असताना निघून जाऊ नये. तिथेही निरोप खराच घ्यावा. फोनवर आवाज ऐकून मूल रडते म्हणून फोन बंद करू नये, कारण रडणे आठवणीचे असते आणि आवाज बंद झाल्याने आठवण थांबत नाही. ठरलेल्या वेळी केलेला दोन मिनिटांचा फोनसुद्धा मुलाच्या दृष्टीने पाळलेला शब्दच असतो.

तीन वर्षांखालील मूल आणि पाळणाघर

बियाणे आणि पोलाद उद्योगांमुळे वाढलेल्या जालना शहरात कारखाने, दवाखाने आणि कार्यालयांतून काम करणाऱ्या मातांना तीन वर्षांच्या आधीच मूल दुसऱ्याकडे सोपवावे लागते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. शासनाच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांची सोय आहे. जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणण्याची जुनी रीत व्यापाराच्या भरभराटीतून आली. कष्टकरी आईच्या बाळाला खराखुरा पाळणा मिळणे हेही त्या भरभराटीचेच माप मानायला हवे. एवढ्या लहान वयात रुळण्याचा काळ अधिक धीमा ठेवावा, सांभाळणारे माणूस वारंवार बदलू नये आणि झोप, दूध व शी-शूची माहिती दोन्हीकडून रोज एकमेकांना द्यावी.

काळजी केव्हा करावी

बहुतेक मुले चार ते सहा आठवड्यांत रुळतात. त्यानंतरही रडणे कमी होत नसेल, मूल तिथे काहीच खात नसेल, वजन घटत असेल, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर ताईंशी निवांत बोलावे. एका विशिष्ट व्यक्तीचे नाव काढताच मूल थरथरत असेल किंवा अंगावर न उलगडणाऱ्या खुणा दिसत असतील, तर मुलावर विश्वास ठेवून तातडीने चौकशी करावी. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तीन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नसेल किंवा आधी येत असलेल्या गोष्टी विसरत चालले असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरज भासल्यास पुढील उपचारांसाठी पाठवतात. लवकर कळलेल्या अडचणीवर उपाय सोपा असतो.

इतके सारे सांभाळल्यावर बदल एका दिवशी दिसत नाही, तो सवयीच्या पावलांनी येतो. चप्पल भिंतीशी लावायला मूल स्वतः वाकते, बाटली आपल्या जागेवर ठेवते, आणि अजून उंबरठ्याशी बसलेल्या आईला तिचेच वाक्य परत करते : ‘तू जा. खिचडी खाऊन हात धुतले की ये.’ त्या दिवशीही आईने वेळेवर दारात उभे राहावे, कारण मुलाने हे वाक्य उच्चारले आहे ते आधीच्या प्रत्येक दिवशी ते खरे ठरले म्हणूनच.